पद्मिनी मोटारगाडीचे एंजिन

पद्मिनी मोटारगाडीचे एंजिन : प्रीमियर ऑटोमोबाइल्स लि. या कंपनीने मुख्यतः मुंबईतील कुर्ला येथे बनविलेल्या फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारगाड्यांचे पेट्रोल एंजिन. चार सिलिंडरांच्या, पाण्याने थंड होणाऱ्या व चतुर्धाव चक्रावर चालणाऱ्या (⟶ अंतर्ज्वलन-एंजिन) या एंजिनाची धारिता १,०८९ घ. सेंमी. होती. सिलिंडराचा व्यास ६८ मिमी. व दट्ट्याची धाव ७५ मिमी. ही मापे त्याच्या दीर्घ आयुष्यात बदलली नाहीत.

याच मापांचे मूळ एंजिन इटलीतील फियाट कंपनीने १९३७ मध्ये आपल्या ५०८ सी या गाडीसाठी काढले. १९५३ च्या ११००/१०३ या नव्या गाडीतही ते सुधारून वापरण्यात आले. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. आरंभी अमेरिकी गाड्यांची जुळणी करणाऱ्या या कंपनीने पुढे फियाटशी सहकार्य केले आणि १९५४ पासून ११०० ही गाडी भारतीय रस्त्यांवर येऊ लागली. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. तिच्या इटालियन आवृत्तीत १,२२१ घ. सेंमी.चे एंजिन होते. भारतात मात्र जुने १,०८९ घ. सेंमी.चेच कायम राहिले. १९७४ पासून गाडीस ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत ११०० मालिका १९६९ मध्ये बंद झाली, तर कुर्ल्याची गाडी त्यानंतर सुमारे तीस वर्षे निघत राहिली.

रचना : एंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा व माथा (सिलिंडर हेड) ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असे. झडपा माथ्यात असत. परंतु त्या उघडणारा कॅमदंड खाली ठोकळ्यात असल्यामुळे त्याची गती ढकलदांड्या व दोलक भुजा यांच्यामार्फत वर पोहोचविली जाई. भुजादंड (क्रँकशाफ्ट) तीन मुख्य धारव्यांवर (बेअरिंगांवर) फिरे. ठिणगीचा क्रम १–३–४–२ होता. इंधन कार्बुरेटरातून व ठिणगी यांत्रिक संपर्क-खंडक (पॉइंट) असलेल्या वितरकातून मिळे.

शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती सांगितली जाते आणि ती दर मिनिटास सुमारे ४,८०० फेऱ्यांना मिळे. मापनपद्धतीनुसार हा आकडा बदलतो. पंखा, निष्कास नळ्या इ. भार वगळून मोजल्यास तो मोठा दिसतो व जाहिरातीत बहुधा तोच छापला जाई. वरील आकडा धरल्यास दर लिटर धारितेमागे ३७ च्या आसपास अश्वशक्ती मिळते. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने ७९६ घ. सेंमी.च्या एंजिनातून जवळजवळ तेवढीच शक्ती काढली, यावरून पद्मिनीच्या एंजिनावरील ताण किती बेताचा होता हे दिसते. त्याचे संपीडन गुणोत्तर ७ व ८ यांच्या दरम्यान असल्यामुळे कमी ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलवरही ते न ठोकता चाले. पूर्ण वेगात दट्ट्याची सरासरी गती सेकंदास १२ मी. होते, शहरातील रहदारीत ती याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच जाई.

विश्वसनीयता : हे एंजिन ‘कधी बिघडत नसे’ असे म्हटले जाते, ते खरे नाही. विश्वसनीयतेचे दोन भाग पडतात : दोन बिघाडांमधील काळ आणि बिघाड दुरुस्त होण्यास लागणारा काळ. पहिल्या बाबतीत हे एंजिन सामान्यच होते. संपर्क-खंडकाची टोके जळत व त्यांतील सुमारे अर्ध्या मिमी.ची फट वारंवार साधावी लागे. झडपांची मोकळीक ठराविक काळाने तपासावी लागे. दुसऱ्या बाबतीत मात्र त्याची बरोबरी करणारी यंत्रे थोडी होती. त्यातील जवळजवळ प्रत्येक भाग साध्या पान्यांनी सुटत असे आणि झिजलेला सिलिंडर गावातील लेथवाल्याकडून किंचित मोठा कोरून घेऊन त्यात मोठा दट्ट्या बसविता येई. असे एकाच ठोकळ्यावर अनेकदा करता येत असल्यामुळे एंजिनाचे आयुष्य मूळ भागांच्या टिकाऊपणापेक्षा कारागिरांच्या उपलब्धतेवर अधिक अवलंबून राहिले. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने दिवसाचा खाडा न पडता गाडी संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर येणे हीच विश्वसनीयता होती, आणि तो हिशेब चुकीचा नव्हता.

त्याचा खरा कच्चा दुवा उष्णता हा होता. परभणी जिल्ह्यातील ताडकळस (ता. पूर्णा) हे मराठवाड्याच्या काळ्या मातीच्या मुलखातील गाव उदाहरणादाखल घेता येईल. या भागात एप्रिल–मेमधील दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९०° से. असताना बाहेर ३०° से. असेल तर हा फरक ६० अंश असतो. बाहेर ४३° से. असेल तर तो ४७ अंशच उरतो. म्हणजे उत्तर इटलीतील उन्हाळ्याच्या मानाने तोच रेडिएटर येथे सुमारे एकपंचमांश कमी काम करतो. जाळीत कचरा किंवा आत क्षार साचल्यास पाणी उकळणे अपरिहार्य होते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे एंजिन अतितप्त झाल्यास माथा वाकतो आणि गॅस्केट फुंकली जाते. माथ्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणे हा यावरील रूढ उपाय होता; मात्र प्रत्येक वेळी ज्वलनकक्ष थोडा लहान होऊन संपीडन वाढे.

पेट्रोलमधील हलके घटक सुमारे ३५°–४०° से. पासूनच उकळू लागतात. एंजिनाला लागून असलेला पडद्याचा इंधन पंप तापला की त्यात वाफ कोंडे आणि चढावर गाडी बंद पडे. पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा चालकांचा उपाय शास्त्रीयदृष्ट्याही योग्य होता, कारण पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप थंड होतो. याउलट, पाणी तापते म्हणून तापनियंत्रक झडप (थर्मोस्टॅट) कायमची काढून टाकण्याची सर्रास प्रथा हानिकारक होती. त्यामुळे हिवाळ्याच्या सकाळी एंजिन दीर्घकाळ थंड राहते, कच्चे पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन नेते आणि झीज वाढते.

भुजादंडाला तीनच आधार असल्यामुळे दर दोन आधारांमधील लांबी अधिक असते व मोठ्या वेगात दंड किंचित लवतो. हमरस्त्यावर तासन्‌तास भरवेगात पळविलेली एंजिने त्यामुळे लवकर खडखडू लागत. शहरी टॅक्सीत हा दोष जाणवला नाही.

इंधनबदल : भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये संपली. शिसे ऑक्टेन अंक वाढवी, तसेच झडपेच्या बैठकीवर पातळ थर धरून तिची झीज रोखी. त्याच सुमारापासून मुंबईच्या टॅक्सी मोठ्या प्रमाणावर संपीडित नैसर्गिक वायूवर (सीएनजी) आल्या. वायू हवेची जागा व्यापत असल्यामुळे शक्ती घटली आणि कोरड्या इंधनाने बैठका अधिक झिजू लागल्या. मिथेनाचा ऑक्टेन अंक फार वरचा असल्यामुळे त्याला उंच संपीडन मानवते; परंतु कमी प्रतीच्या पेट्रोलसाठी आखलेल्या या एंजिनाला तो लाभ घेता आला नाही. संग्राहकांकडील गाड्यांपुढे आता एथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्न आहे. जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे एथेनॉलने फुगतात. ते आधुनिक रबराचे बसवावे लागतात. एथेनॉलात ऑक्सिजन असल्याने मिश्रण विरळ होते, म्हणून कार्बुरेटरातील इंधनछिद्रही किंचित मोठे करावे लागते.

पद्मिनीचे उत्पादन २०००–०१ च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा होती. तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली होती, ती मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हौशी मालकांच्या गाड्यांसाठी सुटे भाग आता बहुतांशी भंगारात निघालेल्या टॅक्सींतून मिळतात.