थंडी लागल्याशिवाय दांडा नाही

चोरखमाऱ्याची थंडी चांगलीच झोंबते. एका अंगाला इंग्रजांच्या काळातला तलाव, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं जंगल. कडाक्याच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यात पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा गावात माझ्या ओसरीवर इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचं फॅलेनोप्सिस ऑर्किड फुलतं, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. दिवाळी झाली की जो तो सांगतो, आता कुंडी घरात घ्या. मी लगेच घेत नाही. त्याला थोडी थंडी लागलीच पाहिजे.

हे झाड उष्ण मुलखातलं खरं, पण सततच्या उकाड्यात ते फुलत नाही. तापमान २८ अंशांच्या वरच राहिलं की नुसती पानं काढत बसतं. फुलांचा व्यापार करणारे नेमका हाच गुण वापरतात. रोप मोठं होईपर्यंत उबेत ठेवतात, मग काही आठवडे २५ अंशांखाली नेतात आणि हवा तेव्हा फुलांचा दांडा काढून घेतात. आमच्याकडे ते काम मार्गशीर्षातल्या रात्री करतात.

पानाच्या बेचक्यातून कोंब डोकावला की तो निरखून बघावा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं चपटं, किंचित दुमडलेलं, वर वळणारं. दांडा आल्यावर कुंडी फिरवू नये, नाहीतर कळ्या उजेड शोधत वेड्यावाकड्या वळतात. तिथून फुलायला तीनेक महिने, म्हणजे शिमग्याचा सुमार.

थंडीलाही मर्यादा आहेच. रात्र १२-१३ अंशांखाली जाणार असली की मी कुंडी आत घेते. पाणी सकाळीच, तेही मुळं चंदेरी दिसल्यावर. ओली मुळं हिरवी असतात. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचलं आणि वरून गारठा पडला, तर रोप कुजलंच म्हणून समजा.

माझी भाची टोरांटोला असते. तिच्या घरात हीटरमुळे २०-२१ अंश, म्हणजे दांड्याला अगदी मानवणारं हवामान. तरी तिच्या ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळायच्या. तिथला डिसेंबरचा उजेड फिका आणि हीटरची हवा कोरडी. मी तिला कुंडी दक्षिणेच्या खिडकीत, हीटरपासून लांब ठेवायला सांगितली. गार काचेला पान टेकू द्यायचं नाही. इथे मात्र दुपारच्या उन्हाने पान भाजतं. पूर्वेचं कोवळं ऊन पुरतं.

आपल्या जंगलातही ऑर्किड आहे, रास्ना. झाडांच्या खोडांना घट्ट धरून ती हिवाळा आणि कोरडे महिने काढते आणि उन्हाळ्यात फुलते. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, जांभळट ओठ आणि सुगंध. ती कुणी ओरबाडून घरी नेऊ नये. अभयारण्यातलं पानही तोडायची मुभा नाही, आणि सालीवरून सोलून काढली की मुळं तुटतात. कुंडीसाठी नर्सरीतलं रोप घ्या. रास्ना बघायला उन्हाळ्यात या. पानगळ झालेल्या झाडांवर ती सहज दिसते.