टँगो नृत्यांतील अनुसरण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आइरेस व मोन्तेविदेओ या शहरांत टँगो नृत्य उदयास आलें. २००९ सालीं युनेस्कोनें त्यास मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

या नृत्यांत पावलांचा क्रम पूर्वनियोजित नसतो. एक जण तो आयत्या वेळीं योजतो. दुसरा त्याच्या छातीच्या हालचालीवरून तो ओळखतो. या दुसऱ्याचें काम सोपें, असा आपला समज होतो. वस्तुतः तसें नाहीं. नवखा मनुष्य पुढचें पाऊल तर्कानें जाणून आधींच टाकतो. वर्गांत जोडीदारहि नवखाच असल्यामुळें चूक कोणाची हें कळत नाहीं. एकट्यानें शिकतांना मात्र ती शिक्षकाच्या आलिंगनांत लपत नाहीं. कारण शिक्षक मुद्दाम मध्येंच थांबतो! भार एका पायावर पुरता तोलावा, दुसरा पाय मोकळा ठेवावा आणि वाट पाहावी, हाच खरा पाठ. ‘ओचो’ नांवाचें, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखें वळणहि या तोलावरच अवलंबून असतें.

तेव्हां अनुसरण म्हणजे आज्ञापालन नव्हे. सूचना दुसऱ्याची असली, तरी पाऊल कोणत्या डौलानें टाकावें हें अनुसरणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. त्यासाठीं आधीं ऐकावयास शिकलें पाहिजे, आणि तेंच आपणां सर्वांस अवघड जातें.