चावी बरोबर, तरी गाडी सुरू होईना!

सेल्फ मारला की इंजिन फिरते, क्षणभर पेटते आणि लगेच बंद पडते. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. अशी गाडी आली की आमचे अनेक कारागीर बांधव पेट्रोल पंपापासून प्लगपर्यंत सारे उघडून बसतात. दिवस जातो, गिऱ्हाईकही नाराज होते. दोष मात्र बहुधा इमोबिलायझरकडे असतो.

ही यंत्रणा काय आहे, ते आधी समजून घेऊ. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशन लॉकभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते व ती आपला संकेत कळवते. तो जुळला तरच इंजिनचा कॉम्प्युटर इंधन व ठिणगी सोडतो. काही गाड्यांत सेल्फसुद्धा लागत नाही. ब्रिटनमध्ये 1998 पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. आज आपल्याकडच्या बहुतेक मोटारींतही ती असते.

बॅटरीची वायर काढून लावली की सारे ‘रिसेट’ होते, हा समज चुकीचा आहे. त्याने फार तर अलार्म गप्प होईल. संकेत वीज गेली तरी पुसला जात नाही.

मग करावे काय? प्रथम बॅटरीचा दाब पाहावा. तो उतरला असेल तर संकेत नीट वाचला जात नाही. जुडग्यातील दुसऱ्या चिपच्या चाव्या बाजूला काढाव्यात. मग गिऱ्हाईकाची दुसरी चावी लावून पाहावी. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्हींनी झाली नाही तर वेटोळे, त्याची जोडणी आणि फ्यूज तपासावे. बटणाच्या गाडीत चावीचा सेल संपला असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, बहुधा बटणालाच, चावी टेकवून गाडी सुरू करता येते.

नवी चावी ‘शिकवायची’ असेल तर स्कॅनर लागतो, पुष्कळदा गुप्त क्रमांकही लागतो. त्या वेळी सर्व चाव्या जवळ ठेवाव्यात, कारण अनेक गाड्यांत हजर नसलेली चावी बाद होते.

भंगार बाजारातील व्यापाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुना इंजिन कॉम्प्युटर आपल्या मूळ गाडीचाच संकेत धरून असतो. तो एकटा विकला तर माल परत येतो. शक्यतो कॉम्प्युटर, इमोबिलायझरचा डबा व चावी असा पूर्ण संचच घ्यावा आणि विकावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आर. सी. बुक व मालकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय चावी बनवू नये. दोन्हींच्या प्रती, तारीख व सही वहीत ठेवावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे किंवा बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. आपण निर्दोष असलो तरी पोलीस चौकशीच्या वेळी ती वहीच आपली साक्षीदार ठरते. एका चावीच्या मजुरीसाठी वर्षांची पत पणाला लावू नये, एवढेच आमचे सांगणे.