विमानतळ–रेल्वे जोडणी (महाराष्ट्र)

विमानतळ–रेल्वे जोडणी म्हणजे विमानातून उतरलेल्या प्रवाशाला लांब पल्ल्याच्या, विशेषतः द्रुतगती रेल्वेच्या स्थानकापर्यंत थेट पोहोचविणारी वाहतूक व्यवस्था होय. मोठ्या शहरांत हे काम प्रामुख्याने मेट्रो करते. महाराष्ट्रात अशी जोडणी मुंबईत आकारास येत असून पुण्यात ती अपुरी आहे, तर कोल्हापुरात ती सर्वस्वी रस्त्यावर अवलंबून आहे.

संकल्पना

प्रवासाचा एकूण वेळ केवळ विमानाच्या वा गाडीच्या वेगावर ठरत नाही. एका साधनातून दुसऱ्या साधनाकडे जाताना वाचलेला किंवा वाया गेलेला वेळही तितकाच महत्त्वाचा असतो. चीनमधील शांघाय शहरात होंगछाओ येथे विमानतळ, द्रुतगती रेल्वे स्थानक व मेट्रो एकाच संकुलात आहेत. दिल्लीत २०११ पासून विमानतळ व नवी दिल्ली रेल्वे स्थानक स्वतंत्र मेट्रो मार्गिकेने जोडलेले आहेत.

मुंबई

आरे ते कफ परेड ही मुंबई मेट्रोची तिसरी मार्गिका ३३.५ किलोमीटर लांबीची असून तिच्यावर २७ स्थानके आहेत. तिचा आरे–वांद्रे कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये व कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठी या मार्गिकेवर स्वतंत्र स्थानके आहेत. वांद्रे कुर्ला संकुल हे टर्मिनल २ पासून पाचवे, तर टर्मिनल १ पासून तिसरे स्थानक होय.

याच संकुलात मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे मुंबई स्थानक बांधले जात आहे. ५०८ किलोमीटर लांबीच्या या मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. त्यावरील १२ स्थानकांपैकी केवळ मुंबईचे स्थानक भूमिगत असेल. गाड्यांचा नियोजित वेग ताशी ३२० किलोमीटर आहे. या मार्गाच्या रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर, तर भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गाचे १,६७६ मिलिमीटर असल्याने द्रुतगती गाडी जुन्या स्थानकांत येऊ शकत नाही. त्यामुळे नवे स्थानक अपरिहार्य ठरले व त्याला शहराशी जोडण्यासाठी मेट्रोचे महत्त्व वाढले. हे स्थानक वांद्रे टर्मिनसपासून वेगळे आहे.

पुणे

वनाज–रामवाडी मेट्रो मार्गिकेवर पुणे रेल्वे स्थानकाचा थांबा आहे. मात्र ही मार्गिका लोहगाव विमानतळापर्यंत जात नाही. विमानतळाकडे जाणाऱ्या प्रवाशास अखेरचे अंतर रस्त्याने पार करावे लागते.

कोल्हापूर

कोल्हापूरचा छत्रपती राजाराम महाराज विमानतळ शहरापासून सुमारे ९ किलोमीटरवर उजळाईवाडी येथे आहे. त्याच्या नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. शहरात मेट्रो नसल्याने तेथून छत्रपती शाहू महाराज टर्मिनस या रेल्वे स्थानकापर्यंत रस्त्यानेच जावे लागते. मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्थानकाच्या जवळच असल्याने रेल्वे व एस.टी. यांची सांगड मात्र येथे सहज बसते.

कोल्हापूर–पुणे वंदे भारत एक्सप्रेस १६ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. सुमारे ३२६ किलोमीटरच्या प्रवासास तिला अंदाजे सव्वापाच तास लागतात. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास पडतो. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार द्रुतगती रेल्वेसाठी नव्या मार्गावर ताशी २५० किलोमीटर व सुधारित जुन्या मार्गावर सुमारे २०० किलोमीटर वेग अपेक्षित असतो. त्यामुळे वंदे भारत आधुनिक बांधणीची असली, तरी या मार्गावरील तिची सेवा द्रुतगती रेल्वेत मोडत नाही. १८९१ साली सुरू झालेला मिरज–कोल्हापूर मार्ग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणेही भाग पडते.

मुंबई विमानतळावर उतरून रेल्वेने कोल्हापूरला जाणाऱ्या प्रवाशास तिसऱ्या मेट्रो मार्गिकेचा उपयोग आजही होतो. टर्मिनल २ येथून गाडी न बदलता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते व तेथून महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते. अशा प्रवाशाने वांद्रे कुर्ला संकुलात न उतरता त्याच मेट्रोने पुढे जायचे असते.