स्प्लेंडरच्या पोटातलं काळं ऑइल

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पटकन विश्वास बसत नाही, पण हिशेब सरळ आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन जळताना हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि त्याचं पाणी होतं. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरच्या तोंडातून थेंब ठिबकतात, ते हेच पाणी. बहुतेक सगळी वाफ त्या वाटेने निघून जाते. थोडी मात्र पिस्टनच्या रिंगा चुकवून खाली उतरते, आणि तिथे तिची गाठ इंजिन ऑइलशी पडते.

त्या ऑइलच्या वाट्याला काय काय येतं ते पाहायचं, तर जुनी हिरो होंडा स्प्लेंडर घ्यावी. १९९४ साली आलेली, ९७.२ सीसीची ही गाडी गावोगाव अजून दुधाचे कॅन वाहते आहे. तिच्या इंजिनात ऑइल लिटरभरही मावत नाही. दुकानात तिच्या मापाची ९०० मिलीची बाटली मिळते. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर पिस्टन दर सेकंदाला १६६ वेळा थांबून उलट दिशेला पळतो. वर हेडमध्ये कॅम आणि रॉकर एकमेकांवर घासतात, तिथे त्यांच्यामध्ये ऑइलचा जो पडदा असतो त्याची जाडी एका मायक्रॉनच्याही आत जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. गाडी हवेवर थंड होणारी, म्हणून पिस्टनची उष्णता वाहून नेण्यातही ऑइलचा मोठा हात.

शिवाय कारमध्ये गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं ऑइल असतं. इथे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले. यात एक अवघड मागणी दडलेली आहे. पिस्टनला घर्षण नको असतं आणि क्लचच्या प्लेटा तर घर्षणावरच चालतात. घर्षण आणखी कमी करणारी रसायनं घातलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये ओतलं, तर क्लच घसरू शकतो: इंजिन ओरडतं, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. म्हणून जपानने १९९८ साली चारचाकीपेक्षा वेगळं असं मोटरसायकलच्या ऑइलचं मानक काढलं. बाटलीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘जासो एमए’ लिहिलेलं असतं ते तेच. ब्रँडपेक्षा मी ती अक्षरं आधी शोधतो.

बाटलीवरचे १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० हे आकडेही एका करामतीचे आहेत. तेल तापलं की पातळ होणारच. तरी हे ऑइल थंड असताना पहिला आकडा सांगतो तितपत वाहतं आणि तापल्यावर दुसऱ्या आकड्याइतका दाटपणा राखतं, कारण त्यात पॉलिमरचे लांबलचक रेणू सोडलेले असतात. थंडीत ते गुंडाळून बसतात, उष्णतेत पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. गिअरचे दाते मात्र हे रेणू कातरत राहतात. त्यामुळे बाइकचं ऑइल दाटपणा लवकर गमावतं. रंगावरून ते कुणालाच कळत नाही.

सगळ्यात नवल वाटतं ते झिंकच्या एका संयुगाचं. त्याचं नाव इतकं लांब आहे की तंत्रज्ञसुद्धा ‘झेडडीडीपी’ म्हणून मोकळे होतात. १९४० च्या दशकात ते तेलात आलं ते तेल सडू नये आणि बेअरिंगना गंज लागू नये म्हणून. ते झीजही रोखतं हे नंतर ध्यानात आलं. धातूवर धातू घासला जातो नेमक्या त्याच जागी ते काचेसारखा एक अतिसूक्ष्म थर चढवतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नित्य नंद गोस्वामी, रॉबर्ट कार्पिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा थर वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि २०१५ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं की दाब जितका जास्त, तितका थर भरभर वाढतो. जिथे मार जास्त तिथे ढाल आपोआप जाड! ही ढाल झिजते, पुन्हा चढते, आणि तसतसं तेलातलं झिंक खर्ची पडत जातं.

आता काळ्या रंगाकडे वळू. डीपस्टिक बोटांत चोळून “काळं झालंय, बदला” असं म्हणणारा मेकॅनिक बऱ्याचदा योग्य सल्ला देतो, पण त्याचं कारण चुकतं. ऑइलमधली काही रसायनं काजळीच्या कणांना एकेकटं धरून तरंगत ठेवतात, इंजिनाला चिकटू देत नाहीत. ऑइल काळं झालं याचा अर्थ ते काम करतं आहे. कणांना धरून ठेवायची ताकद उरली आहे का, हे बघायला टीपकागदावर एक थेंब टाकून काही तास ठेवावा. काळेपणा सारखा पसरला तर ठीक. मधोमध गडद ठिपका आणि त्याभोवती स्पष्ट कडा उरली, तर ते ऑइल थकलं.

स्प्लेंडरच्या इंजिनात बदलायचा कागदी फिल्टर नाही. तळाशी एक जाळी आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला एक गोल डबी, एवढीच गाळणी. डबी क्रँकबरोबर गरगर फिरते. ५,००० फेऱ्यांना, मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर असलेल्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७०० पट जोराने बाहेर रेटलं जातं. धातूचा जड चुरा डबीच्या भिंतीला जाऊन बसतो, स्वच्छ तेल पुढे सरकतं. कागद नाही, सुटा भाग नाही, खर्च नाही. मला ही रचना फार देखणी वाटते. पण तिची साफसफाई करायची तर क्लचच्या बाजूचं झाकण उघडावं लागतं, गॅस्केट बदलावं लागतं, त्यामुळे बरेच जण ती टाळतात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या डबीत शाडूच्या मातीसारखा करडा लगदा घट्ट बसलेला सापडतो. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर आधी ही डबी उघडायला सांगा, पॉलिश नंतर.

आता सुरुवातीला रिंगा चुकवून ऑइलपर्यंत उतरलेल्या त्या वाफेचं काय होतं? गाडी रोज चांगली तासभर चालली, तर ऑइल तापतं आणि पाणी उडून जातं. घरापासून चौकापर्यंत, चौकातून घरी, एवढीच फेरी असेल तर ऑइल पुरतं तापतच नाही. पाणी साचतं, जळणातून आलेल्या वायूंशी मिळून आम्ल बनतं. त्याला मारायला ऑइलमध्ये चुनखडीचे नॅनोमीटरच्या मापाचे कण घातलेले असतात, पण तेही संपतात. म्हणून शेजारच्या काकांची महिन्यातून चार वेळा निघणारी, ‘जपून वापरलेली’ गाडी आतून जास्त खराब असू शकते. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर न जाता वर्षातून एकदा तरी बदलावं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर पाहावा, आणि चमचमता चुरा दिसला तर आणखी किक मारू नये.

हिरो होंडाच्या जुन्या जाहिरातीने ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ म्हटलं ते पेट्रोलबद्दल. लोकांनी ते ऑइललाही लावलं. झिजलेल्या रिंगांचं इंजिन ऑइल जाळतं, पातळी गुपचूप उतरते, आणि ते कळतं आवाज फाटल्यावर. तपासणीला पैसा लागत नाही. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढंच थांबा. डीपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती आत टेकवा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. त्यातली रसायनं संपलेली असली तरी मूळ तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, आणि गॅरेजमधल्या पिंपात ते घ्यायची सोय बहुतेक ठिकाणी असते.