यकृतशोथ, ब प्रकारचा : मातेकडून अपत्यास होणारे संक्रामण व त्याचा प्रतिबंध

ब प्रकारच्या यकृतशोथाचा (यकृताच्या दाहयुक्त सुजेचा) विषाणू बाधित मातेकडून मुख्यतः प्रसूतीच्या वेळी नवजात अर्भकाच्या शरीरात शिरतो. या संक्रामणाचे वैशिष्ट्य असे की, ते घडताना माता बहुधा निरोगी दिसते व अर्भकातही कावीळ, ज्वर यांसारखी लक्षणे सहसा आढळत नाहीत. त्याचे परिणाम मात्र काही दशकांनंतर यकृत सूत्रण रोग (यकृतातील कार्यक्षम कोशिकांची जागा तंतुमय ऊतकाने घेणे) व यकृताचा कर्करोग या रूपांत प्रकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील सु. २५·४ कोटी व्यक्तींना या विषाणूची चिरकारी (दीर्घकालीन) बाधा होती आणि त्या वर्षी तिच्यामुळे सु. ११ लक्ष मृत्यू घडून आले.

शोध व स्वरूप : बारूक ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तरसात एक अपरिचित प्रतिजन (प्रतिपिंडांची निर्मिती घडवून आणणारा पदार्थ) आढळले. ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने त्याचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते या विषाणूच्या बाह्य आवरणाचा अंश असल्याचे पुढे निश्चित झाल्याने त्यास ‘पृष्ठ प्रतिजन’ म्हणतात. ब्लमबर्ग यांना १९७६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कार्लटन गायडुसेक यांच्यासमवेत विभागून मिळाले. विषाणूचा सु. ४२ नॅनोमीटर व्यासाचा संपूर्ण कण डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथे १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविला. विषाणूचा डीएनए यकृत कोशिकेच्या केंद्रकात बंद वर्तुळाच्या रूपात टिकून राहतो. त्यामुळे सध्याच्या औषधांनी विषाणूची वाढ रोखता येत असली, तरी त्याचे संपूर्ण उच्चाटन क्वचितच साधते.

संक्रामण : विषाणू वारेतून गर्भात शिरण्याचे प्रमाण अल्प असते. बहुतेक संक्रामण प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्ताशी व योनिमार्गातील स्रावांशी होणाऱ्या संपर्कामुळे घडते. मातेच्या रक्तात विषाणूंच्या जलद वाढीचे निदर्शक असे ‘ई-प्रतिजन’ असल्यास व कोणताही प्रतिबंधक उपाय न योजल्यास सु. ७० ते ९० टक्के अर्भके बाधित होतात. ते नसल्यास हे प्रमाण बरेच कमी, सु. १० ते ४० टक्के असते.

बाधेच्या वेळचे वय या रोगात निर्णायक ठरते. प्रौढांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक व्यक्ती विषाणूपासून आपोआप मुक्त होतात. याउलट जन्मसमयी बाधित झालेल्या अर्भकांपैकी सु. ९० टक्के अर्भकांत बाधा चिरकारी बनते. अर्भकाची प्रतिरक्षा यंत्रणा अपक्व असल्यामुळे ती विषाणूला परका म्हणून ओळखून त्याचा प्रतिकार करू शकत नाही, असे मानले जाते.

प्रतिबंध : पहिला उपाय म्हणजे प्रत्येक गर्भवतीच्या रक्ताची पृष्ठ प्रतिजनासाठी तपासणी करणे. केवळ कावीळ होऊन गेलेल्या स्त्रियांची तपासणी केल्यास बहुसंख्य बाधित माता नजरेतून सुटतात. दुसरा उपाय नवजात अर्भकाचे लसीकरण हा होय. या रोगाचा परिपाककाल (जंतुप्रवेशापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) सु. २ ते ५ महिने इतका दीर्घ असल्याने संपर्कानंतर लगेच दिलेली लसही विषाणू स्थिरावण्यापूर्वी प्रतिपिंडे निर्माण करू शकते. म्हणून पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत मांडीच्या स्नायूत टोचतात. बाधित मातेच्या अर्भकास याच वेळी दुसऱ्या मांडीत विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन देतात. त्यात तयार प्रतिपिंडे असल्यामुळे लसीचा परिणाम दिसेपर्यंतच्या आठवड्यांत अर्भकाचे रक्षण होते. हे दोन्ही उपाय व लसीच्या पुढील मात्रा वेळेवर दिल्यास बहुसंख्य अर्भकांचा बचाव होतो.

मातेच्या रक्तात विषाणूंची संख्या फार मोठी असल्यास मात्र हे उपाय कधीकधी अपुरे पडतात. अशा मातेस गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर हे विषाणुरोधक औषध देतात. दर मिलिलिटरमध्ये २ लक्ष आंतरराष्ट्रीय एकके वा अधिक डीएनए आढळल्यास ते द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली. ही महागडी तपासणी जेथे उपलब्ध नाही तेथे पृष्ठ प्रतिजन आढळलेल्या सर्व गर्भवतींना औषध देण्याची मुभा २०२४ च्या शिफारशींत आहे. अर्भकास लस दिली असल्यास बाधित मातेने स्तनपान करण्यास हरकत नसते. तसेच केवळ या रोगासाठी उदरच्छेदनाने प्रसूती करण्याची आवश्यकता नसते.

अनुभव व अडचणी : तैवानने १९८४ मध्ये बाधित मातांच्या अर्भकांचे व १९८६ पासून सर्व अर्भकांचे लसीकरण सुरू केले. त्यानंतर तेथील ६ ते १४ वर्षे वयोगटातील यकृत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लक्ष बालकांमागे ०·७० (१९८१–८६) वरून ०·३६ (१९९०–९४) इतके घटले. कर्करोगास लसीने आळा घालता येतो, याचा हा पहिला ठोस पुरावा होय.

भारतात ही लस २००२ पासून प्रायोगिक स्वरूपात व २०११ पासून देशभर सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट झाली. जन्मसमयीच्या मात्रेनंतर ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात ती पंचगुणी लसीतून देतात. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. घरी होणारी प्रसूती, रात्री वा सुटीच्या दिवशी लस उपलब्ध नसणे, मातेचा तपासणी अहवाल प्रसूतिगृहात न पोहोचणे या कारणांनी पहिली मात्रा लांबते. लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते व गोठल्यास ती निकामी होते. सहाव्या आठवड्यात दिलेली लस बालकास पुढील काळातील संपर्कापासून वाचविते; मात्र प्रसूतीच्या वेळी शिरलेल्या विषाणूस अटकाव करण्याची संधी तोपर्यंत बहुधा निघून गेलेली असते.