वापरलेल्या यंत्राची विक्री व ग्राहकाशी होणारा तंटा

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, तलासरी तालुक्यात, झरी नावाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकांस ते ठाऊक असते ते २३ मे १९४५ या दिवसामुळे. त्या दिवशी तेथे भरलेल्या परिषदेत हजारो वारल्यांनी जमीनदारांची वेठ यापुढे करावयाची नाही, असा निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्या चळवळीचे अग्रणी होते. त्याच वर्षी पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा झाला, तेव्हाची मागणी मोघम नव्हती. ५०० पौंड गवतास अडीच रुपये, असे माप व मोल दोन्ही तीत स्पष्ट होते. तोपर्यंत हिशेबाची वही सावकाराच्या घरी असे आणि तीवरील अंगठा तेवढा वारल्याचा असे. व्यवहाराची नोंद ज्याच्या हाती नाही, त्याचे म्हणणे तंट्यात टिकत नाही, हा धडा त्या मुलखास फार महाग पडला.

आज त्याच मुलखातील तरुणाच्या हाती मोबाईल फोन आहे, आणि तो जुना झाला की शेकडो मैलांवरील अनोळखी माणसास विकण्याची सोयही त्या फोनातच आहे. या विक्रीत वस्तू हाती घेऊन पाहणे नाही, दुकानदाराची ओळख नाही आणि मध्यस्थी करावयास शेजारीही नाही. अशा स्थितीत तंटे व्हावेत यात नवल ते काय! त्यांपैकी काही उघड लबाडीचे असतात. परंतु पुष्कळ तंटे अर्धवट बोलण्यातून उपजतात.

उदाहरणादाखल असे समजावे की, झरीच्या एका तरुणाने, जो उंबरगावच्या कारखान्यात रोज कामास जातो, दोन वर्षे वापरलेला आपला फोन नाशिकच्या एका विद्यार्थ्यास ८,००० रुपयांस विकला. जाहिरातीत 'उत्तम स्थितीत' एवढेच शब्द होते. पैसे आले आणि भाताच्या लावणीच्या मजुरीत खर्चही झाले. फोन हाती पडल्यावर चौथ्या दिवशी विद्यार्थ्याचा निरोप आला : "बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. पैसे परत करा." विद्यार्थ्यानेही ती रक्कम शिकवण्या करून साठविलेली. दोघांसही ८,००० रुपये ही लहान रक्कम नव्हे. आता न्याय कोणत्या बाजूस आहे?

याचे उत्तर देण्यास नवा कायदा शोधण्याची गरज नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या असून तेथे घोड्याच्या विक्रीचे उदाहरण दिले आहे. घोड्यात खोड आहे हे विक्रेत्यास ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. केवळ एवढ्याने ती फसवणूक होत नाही. परंतु खरेदीदार म्हणाला की, 'तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन', आणि तरीही विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याच्याच बरोबरीचे ठरते. घोड्याच्या जागी फोन ठेवला तरी नियम तोच राहतो. विद्यार्थ्याने 'बॅटरी ठीक आहे ना?' असे विचारले असेल आणि तरुणाने दोष माहीत असूनही नुसते अंगठ्याचे चित्र पाठविले असेल, तर त्याची बाजू लंगडी पडली असे समजावे. जाणूनबुजून दोष झाकणे, उदाहरणार्थ फुटलेल्या काचेवर चिकटपट्टी लावून छायाचित्र काढणे, ही तर सरळ फसवणूकच होय.

दुसरा आधार १९३० च्या वस्तुविक्रय कायद्याचा. खरेदीदाराने आपण सावध राहावे, हे त्याच्या १६ व्या कलमाचे सामान्य सूत्र आहे. पण १५ वे कलम सांगते की, वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. दूरच्या ग्राहकास विकलेली वस्तू बहुधा वर्णनावरूनच विकलेली असते, म्हणून जाहिरातीतील प्रत्येक शब्दास वजन येते. 'उत्तम स्थितीत' यावर दोन माणसे दोन दिवस वाद घालू शकतील. 'बॅटरीची क्षमता ७५ टक्के, उजव्या कोपऱ्यात ओरखडा, कॅमेरा चालू, मूळ चार्जर नाही' यावर वाद घालण्यास जागाच उरत नाही. दोष लिहिल्याने किंमत थोडी उतरते हे खरे; परंतु लिहिलेल्या दोषाबद्दल मागाहून पैसे परत मागण्याचा आधार ग्राहकाजवळ राहत नाही.

वस्तू विकण्याचा हक्क विक्रेत्यास असलाच पाहिजे, असे १४ वे कलम म्हणते. चोरीचा फोन अजाणतेपणी विकत घेऊन पुढे विकणाराही यामुळे अडचणीत येतो. प्रत्येक फोनास पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. तारका, चौकट, शून्य, सहा, चौकट अशी बटणे दाबली असता तो पडद्यावर उमटतो. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' सेवेत हा क्रमांक तपासता येतो. मूळ पावती व हा क्रमांक ग्राहकास आधीच दाखविला, तर चोरीच्या शंकेस वाव राहत नाही. शिवाय, परत आलेला फोन तोच आहे की बदललेला, याचा निवाडाही त्याच क्रमांकाने होतो. चांगला फोन ठेवून घ्यावयाचा व तसलाच बिघडलेला फोन परत धाडावयाचा, ही लबाडी करणारे ग्राहकही असतात.

वाटेत वस्तू फुटली तर? कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, मालकी ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे जोखीमही जाते, आणि ठरल्याप्रमाणे वाहतूकदाराच्या स्वाधीन केलेली वस्तू ग्राहकास दिली असे प्रथमदर्शनी धरले जाते. मात्र वाहतुकीची योग्य ती व्यवस्था करण्याचे कर्तव्य विक्रेत्याचेच आहे. पातळ कागदात गुंडाळून फोन पाठविणाऱ्यास या नियमामागे लपता येणार नाही. यास्तव वेष्टन बांधताना, ओळखक्रमांक दिसेल अशा रीतीने, चालू फोनाचे सलग चलचित्र घ्यावे आणि पावतीवर वजन नोंदवून घ्यावे. ग्राहकासही वेष्टन उघडताना तसेच चित्रण करण्यास आधीच सांगावे. फोन पाठविण्यापूर्वी आपली खाती त्यातून काढून टाकावी. नाहीतर फोन कुलूपबंद राहतो आणि निर्दोष वस्तूबद्दलही तक्रार येते.

ग्राहकाचा हक्क अमर्याद मात्र नाही. न पाहता घेतलेली वस्तू तपासण्यास त्यास वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे ४१ वे कलम सांगते. पण वाजवी काळ लोटेपर्यंत त्याने नापसंती कळविली नाही, तर ४२ व्या कलमाप्रमाणे त्याने ती स्वीकारली असे मानले जाते. चौथ्या दिवशी केलेली तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. चार महिन्यांनी केलेली तितकी नव्हे. 'तपासणीस तीन दिवस' अशी मुदत जाहिरातीतच लिहिली, तर वाजवी काळ कोणता हा प्रश्नही सुटतो.

तक्रार आल्यावर पहिली चूक रागाची व दुसरी मौनाची. संभाषण बंद करणारा विक्रेता निरपराध असला तरी अपराधी दिसतो. त्याच दिवशी लेखी उत्तर द्यावे, ओळखक्रमांकासह दोषाचे चित्र मागावे, आणि तक्रार कोणत्या जातीची आहे ते ठरवावे. वस्तू पोहोचली नाही, वाटेत फुटली, वर्णनाशी जुळत नाही, की ग्राहकाचे मन फिरले? पहिल्या तिन्हींत पुराव्याप्रमाणे वागावे; चौथीत पैसे परत करणे सौजन्याचे, बंधनाचे नव्हे. परत द्यावयाचे ठरल्यास वस्तू हाती येऊन तपासल्यावर, ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात ती धाडावी. 'चुकून जास्त पैसे पाठविले, उरलेले परत करा' असे सांगणाऱ्याचा निरोप पाहू नये, आपले खाते पाहावे. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन कधीच लागत नाही; तो मागणारा ग्राहक नव्हे, ठग होय. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. वस्तुविक्रय कायद्याचे साल व सायबर गुन्ह्यांच्या मदतीचा हा क्रमांक एकच असल्याने तो सहज स्मरणात राहतो.

आपसात मिटले नाही तर ज्या संस्थेमार्फत विक्री झाली तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची असते व महिन्याच्या आत निवारण करावयाचे असते. स्वतःचा एखादा फोन विकणाऱ्या गृहस्थास हे नियम लागू नाहीत. जो हा उद्योग नियमितपणे करतो त्याची गोष्ट निराळी. त्यास ग्राहक आयोगापुढे उभे राहावे लागेल, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपल्या राहत्या ठिकाणीच दावा लावण्याची मुभा दिली आहे. म्हणजे झरीच्या विक्रेत्यास नाशिकची वाट धरावी लागेल. प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांचा हिशेब करता, समेट बहुधा स्वस्त पडतो.

आता त्या दोघा तरुणांकडे वळावे. झरीच्या तरुणाने चित्र मागविले. क्रमांक तोच होता, बॅटरीची क्षमता ७१ टक्के होती, आणि त्याने ती कधी लिहिलीच नव्हती. पूर्ण पैसे परत करण्यास ते हाती नव्हते, आणि फोन परत धाडण्याची हौस विद्यार्थ्यासही नव्हती. अशा वेळी नव्या बॅटरीचा खर्च विक्रेत्याने सोसावा व फोन ग्राहकाने ठेवावा, हा तोडगा दोघांस परवडतो. दोषाच्या मानाने किंमत कमी करून घेण्याची वाट कायद्यानेही ५९ व्या कलमात दाखविली आहे. ठरले ते दोघांनी एका निरोपात लिहावे, 'मान्य' असे उत्तर घ्यावे, आणि ते संभाषण वर्षभर तरी पुसू नये. पूर्वी वही एकाच घरी असे. आता तिची एक प्रत झरीस व एक नाशिकास राहील.